दार उघडंच होतं

सिल्वी आलानेनचं पुस्तक जर्मनीत धो धो खपतंय, याचा मला आनंद व्हायला हवा. दुकानात, ग्रंथालयात, चर्चच्या अंगणात कोणी भेटलं की तेच: "काय तेर्त्तू, मैत्रीण मोठी झाली म्हणायची!" मी हो म्हणते आणि पिशवी उचलून चालू लागते. त्या पुस्तकाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, आणि या वयात रक्तदाब वाढवून घेणं मला परवडत नाही.

मी मूळची सावोची, म्हणजे पूर्व फिनलंडची. आम्ही सावोची माणसं बोलायला बसलो की समोरच्याची कॉफी गार होते. लग्न होऊन इकडे दक्षिणेत, हॅमे प्रांतात आले तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटायचं, सासरचे माझ्यावर रुसलेत. मग कळलं की मंडळी चांगली खुशीत आहेत. इथली रीतच ती. इथे माणसाला हो म्हणायचं असेल तर तो एखादा शब्द बोलतो. नाही म्हणायचं असेल तर गप्प बसतो, खिडकीबाहेर बघतो, आणि समोरचा काय ते समजून विषय सोडून देतो. परत विचारणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. माझं सगळं आयुष्य इथे गेलं, गावच्या शाळेत जर्मन शिकवून मी निवृत्त झाले, आणि आता मलाही या गप्प बसण्याची सवय झाली आहे. अगदी झाली असं नाही, पण समजतं.

सिल्वी म्हणजे हॅमेतल्या गप्प माणसांमध्येही गप्प. आमची मैत्री टिकली ती याच वाटणीवर: मी बोलायचं, तिने ऐकायचं. तळ्याकाठी तिचं लाल रंगाचं लाकडी घर. नवरा रेइनो लाकडाच्या कारखान्यात होता. मुलगी एकच, तुइरे. सिल्वी तेव्हाही लिहायची. तिच्या दोन-तीन कादंबऱ्या आल्या होत्या, जिल्ह्याच्या पेपरात त्यांच्याबद्दल चार ओळी छापून यायच्या आणि तेवढ्यावर ती समाधानी होती.

तुइरे हुशार होती, देखणी होती आणि तिच्या पायाला भिंगरी होती. माझ्याच वर्गात ती जर्मन शिकली. विशीत जर्मनीत ल्युबेकला गेली, तिथे डीटर नावाच्या माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली, आणि मग दारूच्या नादी लागली. छोट्या लेओनीला बापाकडे सोडून ती वरचेवर इकडे यायची. आली की आठवडाभर घरात धिंगाणा, गावात तमाशा. एका डिसेंबरात ती तळ्याच्या बर्फातून खाली गेली आणि बुडाली. बर्फ अजून कोवळा होता. त्या दिवसांत तळ्यावरून आडवं जाऊ नये हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. गावाने म्हटलं, बिचारी घरी आली, घरात कोणी नव्हतं, नशेत तशीच परत निघाली. सिल्वीनेही तेच सांगितलं. रेइनो त्यानंतर फार जगला नाही. डीटरने पोरीला कधी इकडे आणलं नाही. दर नाताळला एक कार्ड यायचं, त्यावर पोरीची सही हळूहळू वळणदार होत गेली.

आणि मग पार म्हातारपणी सिल्वीने ते पुस्तक लिहिलं.

आमच्याकडे खेड्यात जुनी माणसं दाराला कुलूप लावायची नाहीत. घरात कोणी नसलं की बाहेरून दाराला खराटा टेकवून ठेवायचा, बस. खराटा दिसला की आलेला माणूस पायरीवरून मागे फिरतो. दार ढकललं तर उघडेल हे त्याला ठाऊक असतं, पण तो ढकलत नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. सिल्वीच्या घरी अजूनही तसंच चालतं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानांत असं आहे: मुलीचा बसस्थानकावरून फोन येतो, आई मी येतेय. आवाजावरूनच आईला कळतं, पिऊन आहे. आई उठते, बाहेर जाते, पुढच्या दाराला खराटा टेकवते, घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराने आत येते आणि चुलीपाशी बसते. दुपारचे चार वाजलेत, म्हणजे डिसेंबरात मिट्ट काळोख. ती दिवा लावत नाही. पण चूल पेटलेली आहे, धुराड्यातून धूर निघतोय. पायरीवर पावलं वाजतात. मुलगी दारापाशी बराच वेळ उभी राहते. आई आत आहे हे तिला समजलेलं असतं, आणि तिला समजलंय हे आईला समजलेलं असतं. मग पावलं तळ्याच्या दिशेने निघून जातात. पुस्तक तिथे संपतं.

ते वाचून मी काही दिवस सिल्वीकडे फिरकले नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. इतकी वर्षं मी तिच्या ओट्यावर बसून तिची समजूत काढली होती, "तू घरी असतीस तर," असं म्हणून तिच्याबरोबर रडले होते, आणि ही बया घरीच होती. शेवटी गेले. तिने कॉफी ओतली. त्या दिवशी मीही तोंड उघडलं नाही, आणि ती समजली.

हेलसिंकीच्या पेपरांत पुस्तकाची वाहवा झाली. गावाने एक शब्द काढला नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना, इतकंच. गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं.

"कशाला लिहिलंस हे?" मी तिला एकदा विचारलं. "कोणालाही पत्ता नव्हता. सुखाने मेली असतीस."

"लेओनीसाठी लिहिलं."

"तिला कुठे येते आपली भाषा!"

"म्हणून तर जर्मनमध्ये यायला हवं."

"अगं, मग त्यासाठी आख्खी कादंबरी कशाला? तू सांग, मी एक पान जर्मनमध्ये लिहून देते. पोस्टात टाक आणि हो मोकळी."

सिल्वी बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत बसली. मग म्हणाली, "एका पानात लिहिलं की सबब होते, तेर्त्तू. मी किती दमले होते, तुझ्या आईने किती छळलं होतं, वगैरे. तिला सगळं वाचू दे. मग मला शिव्या देऊ दे, नाही तर तोंड बघायचं नाही म्हणू दे. काय करायचं ते करू दे, पण मी कोण आहे ते कळून करू दे."

एवढं लांब बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी माझा राग गेला नाही, पण मी तिच्या बाजूची झाले.

पुढच्या शरदात हॅम्बुर्गच्या एका प्रकाशनाने पुस्तक मागितलं. त्यांच्या संपादिका, फ्राउ हार्म्स, हेलसिंकीला येणार होत्या. सिल्वी एकटी जाईना म्हणून मी दुभाषी म्हणून बरोबर गेले. तिच्या इथल्या प्रकाशनातला पेत्तेरी आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला होता. पेत्तेरी तिच्या नातवंडाच्या वयाचा, पण आमच्याकडे राष्ट्राध्यक्षालाही अरेतुरे चालतं, तो सिल्वीला "तू आज छान दिसतेस गं" म्हणाला आणि ती लाजली. आनंदात होती. नवा कोट घातला होता. गाडीत मला तीनदा विचारून झालं होतं की लेओनीला पहिली प्रत परस्पर तिकडूनच पाठवतील ना.

फ्राउ हार्म्स फार गोड बाई. हे मला कबूल करायला हवं, कारण दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पुस्तकाचं पान न् पान वाचलं होतं. आमचं मौन, आमचा बर्फ, आमची तळी, सगळ्याचं तिने इतकं कौतुक केलं की मला वाटलं, आपण कुठल्या भलत्याच देशात राहतो की काय. त्यांचा अनुवादकही पक्का होता. त्याने आधीच प्रश्नांची जंत्री पाठवली होती: नाव कुठल्या लाकडाची, पावात भाजतात तो मासा कुठला, दलदल झाडांची की उघडी. मी एकेकाला उत्तर दिलं होतं.

"फक्त शेवट," फ्राउ हार्म्स म्हणाल्या. "रागावू नका. पण दाराला कुलूप नाही. आत चूल पेटलेली आहे, मुलीला धूर दिसतोय. मग ती दार ढकलत का नाही? आमचा वाचक इथे अडणार."

मी खराट्याचं पुन्हा समजावलं.

"हो हो, मला कळलं, फार सुंदर लोकरीत आहे. पण तुम्हीच सांगा, शेवटच्या पानावर तळटीप कशी टाकायची? वाचकाच्या डोळ्यांत पाणी यायचं, तर तो खाली टीप वाचत बसणार. म्हणून मी असं सुचवते: आई उठते आणि दार उघडते. एवढं एकच वाक्य. मुलगी आत येते की निघून जाते ते सांगूच नका. फार फार सुंदर होईल."

मी सगळं सिल्वीला सांगितलं, एक शब्द न गाळता. सिल्वीने कप खाली ठेवला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. खाली रस्त्यावर ट्राम येऊन थांबली, माणसं चढली, ट्राम निघून गेली. पेत्तेरी आपल्या बुटांकडे बघत होता. मलाही कुठे बघावं कळेना. इतका कडक नकार मी हॅमेतही क्वचित पाहिला होता.

"विचार करा हवं तर," फ्राउ हार्म्स हळूच म्हणाल्या. "तुम्हाला मान्य आहे ना?"

सिल्वी बाहेर बघत राहिली. दुसरी ट्राम आली.

"चला, जेवायला जाऊ या?" पेत्तेरी म्हणाला, आणि आम्ही सगळे सुटल्यासारखे उठलो.

जिन्यात तो सिल्वीच्या कानाशी लागला. "बाप रे, फारच फटकारलंस तिला. पाहुणी आहे गं."

"तिने विचारलंच तसं," सिल्वी म्हणाली.

विषय संपला होता. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही की तो संपलेला नाही. दुभाषी म्हणून मला बोललेलं सांगायला नेलं होतं. न बोललेलं काय सांगणार? आणि जर्मन माणसाला काही सांगायचं राहिलंय, हे सुचायला आधी आपण काही बोललो नाही हे तर लक्षात यायला हवं. आमच्या लेखी सिल्वी भरपूर बोलली होती.

जर्मन प्रती आमच्यापर्यंत पोचल्या त्या वसंतात, तिकडे पुस्तक बाजारात येऊन दोन महिने झाल्यावर. सिल्वीचा फोन आला, "ये." मी सायकल काढून गेले. तिने टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता, वेलदोड्याचे पाव केले होते आणि मधोमध ते पुस्तक ठेवलं होतं. मुखपृष्ठावर बर्फ, एक लाल घर आणि खिडकीत पिवळा उजेड. पुस्तकातली आई तर दिवा लावत नाही.

"शेवटचं पान वाच," ती म्हणाली. "आपल्या भाषेत सांगत वाच. लेओनीला कसं ऐकू येईल ते मला ऐकायचंय."

मी वाचत गेले. फोन, खराटा, चूल, धूर. अनुवाद खरोखर चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. मग पावलं वाजली, मुलगी दारापाशी उभी राहिली, आणि मी थांबले.

"वाच की."

"सिल्वी..."

"वाच."

"'आई उठली आणि तिने दार उघडलं. थंडी आत आली, आणि थंडीबरोबर तिच्या लेकराच्या केसांचा वास.'"

"परत वाच."

मी परत वाचलं.

"ही कोण बाई?" सिल्वी म्हणाली. "तेर्त्तू, ही बाई कोण आहे?"

तिचा चेहरा मला बघवेना. मी तिथल्या तिथे पेत्तेरीला फोन लावला आणि सावोत शिकलेली एकही शिवी शिल्लक ठेवली नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग कागदपत्रं शोधून म्हणाला, "फ्राउ हार्म्सनी त्याच दिवशी कळवलं होतं. लेखिकेसमोर बदल मांडला, लेखिकेने हरकत घेतली नाही. मला वाटलं, ते आधीच्या कुठल्या तरी बदलाबद्दल असेल."

सिल्वीने फोन माझ्या हातातून घेतला. "मी गप्प बसले होते, पेत्तेरी!"

"मला माहीत आहे गं. मी होतो ना तिथे."

"मग?"

"आता दुसरी आवृत्ती निघतेय. इटालियन आणि स्पॅनिशवाले जर्मनवरूनच अनुवाद करतायत, त्यांना इकडची भाषा येणारं कोणी मिळत नाही. आता काही केलं तर... आणि खरं सांगू का सिल्वी, लोकांना शेवट फार आवडलाय."

मी हॅम्बुर्गला लिहिलं. फ्राउ हार्म्सचं उत्तर आलं, ते वाचून कोणालाही वाटावं की बाई रडत रडत लिहितेय. आपल्याला अतिशय वाईट वाटतंय, आपण तर स्पष्ट विचारलं होतं, मान्य आहे ना म्हणून. पुढच्या आवृत्तीत मागे एक टिपण जोडता येईल, लेखिकेची तशी इच्छा असल्यास. टिपण! ज्या बाईला एक तळटीप जड झाली होती, ती आता आख्खं टिपण जोडायला निघाली.

वाचकांची पत्रं येऊ लागली. ती मीच सिल्वीला वाचून दाखवायचे. आईच्या मायेबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. ब्रेमेनच्या एका बाईने कळवलं होतं की पुस्तक वाचून तिने संबंध तुटलेल्या लेकीला फोन केला. सिल्वी म्हणाली, "पुरे." त्यानंतरची पत्रं मी फोडली नाहीत. म्हणजे आता जगात सगळीकडे ती बाई उठते आणि दार उघडते. फक्त फिनलंडमध्ये ती चुलीपाशी बसून राहते, आणि ते आम्ही थोडे लोक वाचणार.

मग लेओनीचा निरोप आला. पुस्तक वाचलं, रडले, ऑगस्टमध्ये भेटायला येतेय. येऊ ना, असं तिने विचारलं होतं.

"मी आत्ता फोन करते," मी म्हटलं. "येण्याआधीच खरं काय ते सांगून टाकते."

"नको," सिल्वी म्हणाली. "येऊ दे. मी तोंडावर सांगेन. आता तेच बरं." आणि तिच्यात एकदम हुशारी आली. तिने खिडक्या पुसल्या, गालिचे तळ्यावर नेऊन धुतले, ब्लूबेरी वेचून आणल्या. मला वाटतं तिला आशा वाटू लागली होती. पुस्तकाने जे केलं नाही ते एका वाक्यात करायचं होतं, आणि वाक्य तिच्याकडे तयार होतं.

लेओनी आली ती भर दुपारी, लख्ख उन्हात. दारात तिला पाहून मी हबकलेच. तेच केस, तीच हनुवटी, आईचं रूप हुबेहूब घेऊन आली होती. फक्त डोळे निवळ होते, आयुष्यात कधी थेंब न घेतलेल्या माणसाचे. ती बालवाडीत शिकवते. तिला आमचा एकच शब्द येत होता, आजीला हाक मारायचा. "मुम्मो," ती म्हणाली आणि तिने सिल्वीला मिठी मारली. आमच्याकडे असल्या मिठ्या मारत नाहीत. सिल्वी हात खाली सोडून उभी राहिली.

कॉफी झाली, पाव झाले, ब्लूबेरीचा केक झाला. लेओनीच्या पर्समध्ये पुस्तक होतं, पानांचे कोपरे दुमडलेले. ती बोलत होती, मी सांगत होते.

"बाबा आईबद्दल कधी बोलले नाहीत," लेओनी म्हणाली. "मला एवढंच माहीत होतं की ती घरी गेली आणि घर बंद होतं. लहानपणी मी बिछान्यात पडून त्या बंद घराचा विचार करायचे. मला वाटायचं, माझी आई कोणालाच नको होती. मलाही ती नकोच होती बहुतेक. मग हे वाचलं. मुम्मो, तुला कल्पना नाही, तू मला काय दिलंस. तिच्यासाठी कोणीतरी दार उघडलं होतं."

हे मी सिल्वीला सांगितलं. मला वाटून गेलं, आता हिने गप्प बसावं. देवा, एकदा तरी हिच्या गप्प बसण्याचं सोनं होऊ दे.

पण सिल्वीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तिला सांग," ती म्हणाली, "मी दार उघडलं नाही. मी खराटा लावला आणि आत बसले. ती आली होती, मला ऐकू आलं, आणि मी उठले नाही. पुस्तकात त्यांनी ते बदललंय. सांग."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला. माझं जर्मन पक्कं आहे, आयुष्यभर तेच केलं.

लेओनीने विचारलं, "दाराला कुलूप होतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"आतून कडी?"

"नाही. इथे लावत नाहीत."

"म्हणजे ढकललं असतं तर उघडलं असतं."

"हो, पण खराटा होता ना. खराटा टेकवलेला असला की..."

"झाडू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी ती हसली. "तेर्त्तू, झाडूने कोणी अडतं का?"

अडतं गं बाई, मी म्हटलं, इथे अडतं. मी तिला समजावलं की दाराला टेकवलेला तो खराटा म्हणजे "तू माझी कोणी नाहीस" असं तोंडावर म्हणणं होतं. तुझ्या आईला ते कळलं होतं, म्हणून ती निघून गेली. माझा आवाज चढला. दार, पायरी, धूर, खराटा, सगळ्याला जर्मन शब्द आहेत आणि ते सगळे मी वापरले. लेओनी मान हलवत होती, मन लावून ऐकत होती. दूरच्या देशातल्या जुन्या माणसांच्या चालीरीती ऐकाव्यात तसं ऐकत होती.

मग ती उठली, टेबलाला वळसा घालून सिल्वीच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिचे हात हातात घेऊन म्हणाली, "मुम्मो, दार उघडंच होतं."

"काय म्हणते?" सिल्वीने मला विचारलं.

"म्हणते, दार उघडंच होतं."

"खराट्याचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मी आत होते, ते?"

"सगळं सांगितलं, सिल्वी."

"नीट सांग. परत सांग."

मी परत सांगितलं. लेओनीने माझ्याकडे बघून हळूच हात केला, राहू द्या, अशा अर्थाने. "मला समजलंय," ती म्हणाली. "माझ्या बालवाडीतली मुलंसुद्धा काही वाईट झालं की म्हणतात, माझ्यामुळे झालं. किती वर्षं एकटीने हा भार वाहिला हिने. लिहितानासुद्धा हिला स्वतःला शिक्षा करावीशी वाटली, आणि पुस्तक बदलणाऱ्यांनी बरोबर ओळखलं की खरं काय आहे. तिला सांगा, मी तिला माफ केलंय."

मी सांगितलं.

"माफ केलं?" सिल्वी म्हणाली. "कशाबद्दल?"

लेओनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला सांगावं लागलं, आजी विचारतेय, कशाबद्दल.

"बरोबर आहे मुम्मोचं," लेओनी म्हणाली आणि तिने सिल्वीचा हात गालाला लावला. "माफ करण्यासारखं काही नव्हतंच मुळी."

हेही मी सांगितलं. ते सांगताना मला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली.

"नाही," सिल्वी म्हणाली. मोठ्याने म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून असा नुसता 'नाही' मी ऐकला नव्हता. "नाही. नाही!"

"काय म्हणते?" लेओनीने विचारलं.

"नाही म्हणते."

लेओनीने तिचं डोकं छातीशी धरलं. सिल्वी त्या पोरीच्या कुशीत नाही, नाही म्हणत राहिली, सुटायला धडपडत राहिली, आणि लेओनी तिच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत "झालं, झालं, आता संपलं" असं म्हणत राहिली. हळूहळू सिल्वीचा आवाज खाली गेला. मग ती नुसती मान हलवत होती. मग तेही थांबलं.